एक पाव आणि एकोणीस वर्षे

व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच लेखकाची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिचे पाच भाग आहेत आणि प्रकरणे तीनशे पासष्ट. रोज एक प्रकरण वाचायचे ठरवले तर बरोबर एक वर्ष लागते. मध्येच वॉटर्लूच्या लढाईचे लांबलचक वर्णन येते, पॅरिसच्या गटारांचा इतिहास येतो, मठातल्या जोगिणींची दिनचर्या येते. घाईत असलेला वाचक इथे कंटाळतो, पाने उलटतो. तरीही दीडशेहून अधिक वर्षे जगभरची माणसे ही कादंबरी वाचत आली, तिच्यावर भांडत आली आणि तिच्यासाठी रडत आली. ही माणसे कोण होती आणि प्रत्येकाने त्या कथेत काय पाहिले, याचा इतिहास कादंबरीइतकाच वाचनीय आहे. त्या इतिहासात इस्तंबूल आणि कैरो आहे, अमृतसर आहे, आणि आपला महाराष्ट्रही आहे.

कथेचा गाभा थोडक्यात असा. जाँ वालजाँ हा झाडांची छाटणी करून पोट भरणारा गरीब माणूस. विधवा बहिणीची सात मुले उपाशी आहेत म्हणून तो १७९५ च्या हिवाळ्यात एका दुकानाची काच फोडून पाव चोरतो. शिक्षा होते पाच वर्षांची. पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत एकोणीस वर्षांवर जाते. १८१५ मध्ये तो सुटतो तेव्हा त्याच्या हाती एक पिवळा परवाना दिला जातो. प्रत्येक गावात तो दाखवायचा आणि त्यावर लिहिलेले असते की हा सुटलेला कैदी आहे, धोकादायक आहे. खाणावळीत त्याला पैसे देऊनही जेवण मिळत नाही. शेवटी एक म्हातारा बिशप त्याला घरात घेतो, ताटावर बसवतो. वालजाँ रात्री त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई पकडून आणतात तेव्हा बिशप म्हणतो की ही भांडी मीच दिली होती, आणि सोबत दिलेल्या मेणबत्त्यांच्या चांदीच्या समया तू विसरूनच गेलास. या एका प्रसंगाने वालजाँचे आयुष्य बदलते. तो नाव बदलून कारखानदार होतो, नगराध्यक्ष होतो, एका अनाथ मुलीला वाढवतो. पण जावेर नावाचा पोलिस अधिकारी जन्मभर त्याचा माग सोडत नाही.

पॅरिसमध्ये काय घडले

ह्यूगोने ही कादंबरी १८४५ मध्ये लिहायला घेतली, १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत बाजूला ठेवली आणि १८६० मध्ये पुन्हा हाती घेतली. तेव्हा तो तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीला विरोध केल्यामुळे गर्न्सी बेटावर हद्दपारीत राहत होता. पुस्तक ब्रुसेल्सच्या प्रकाशकाने काढले. त्याने हक्कांसाठी तीन लाख फ्रँक मोजले होते. एप्रिल ते जून १८६२ या काळात भाग टप्प्याटप्प्याने बाजारात आले. पुढचे भाग यायचे त्या दिवशी पुस्तकांच्या दुकानासमोरचा रस्ता गर्दीने अडून जाई. पुस्तक महाग होते, म्हणून कामगारांनी आपसांत वर्गणी काढून एक प्रत घेतली आणि आळीपाळीने वाचली, अशा हकिकती त्या काळच्या आहेत.

साहित्यिकांचे मत मात्र वेगळे पडले. कवी बोदलेर याने छापील परीक्षणात कौतुक केले आणि आईला लिहिलेल्या खासगी पत्रात पुस्तकाला नावे ठेवली. फ्लोबेरला त्यात ना सत्य दिसले ना मोठेपणा. लामार्तीन हा कवी स्वतः प्रजासत्ताकाचा पुढारी राहिलेला, पण त्याने या कादंबरीवर दीर्घ टीका लिहिली. गरिबांच्या मनात अशक्य गोष्टींची आस जागवणे धोक्याचे आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. रोमच्या धर्मपीठाने १८६४ मध्ये कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली. गंमत अशी की या कादंबरीतले सर्वांत पवित्र पात्र एक बिशपच आहे.

अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेतल्या सैनिकांनाही हे पुस्तक आवडले. त्यांच्यासाठी रिचमंडमध्ये निघालेल्या आवृत्तीतून गुलामगिरीविरुद्धचा मजकूर मात्र गाळला होता. म्हणजे वालजाँच्या साखळदंडांसाठी हळहळायचे, पण आपल्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसाच्या साखळदंडांविषयी वाचायचे नाही! वाचक पुस्तकातून काय घेतो आणि काय सोडतो, याचा इतका उघड पुरावा क्वचितच सापडेल. हा दाखला आपण लक्षात ठेवू, कारण तो पुढे आपल्यावरही उलटणार आहे.

नावातच प्रतिक्रिया

फ्रेंच शब्द 'मिझेराब्ल' याचे दोन अर्थ होतात. एक अभागी, हालात पडलेला आणि दुसरा नीच, बदमाश. ह्यूगोला नेमका हाच दुहेरीपणा हवा होता. हलाखीच्या एका पायरीवर दुर्दैवी माणूस आणि गुन्हेगार यांना समाज एकाच शब्दाने ओळखू लागतो, मग दोष कोणाचा, हा त्याचा प्रश्न होता. अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाला यातला एक अर्थ निवडावा लागला, आणि ती निवड म्हणजेच त्या भाषेची पहिली प्रतिक्रिया.

इस्तंबूलमध्ये १८६२ सालीच एका वृत्तपत्रात या कथेचा सारांश आला. त्याच्या नावात 'मगदूरीन' हा शब्द होता, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला ते लोक. पुढे शम्सुद्दीन सामी यांनी तुर्की अनुवाद केला तो 'सेफिल्लर', हलाखीत पडलेले. कैरोमध्ये 'नाईलचा शायर' म्हणून ओळखले जाणारे हाफिज इब्राहीम यांनी १९०३ मध्ये 'अल्-बुअसा' या नावाने अरबी रूपांतर काढले आणि ते शेख मुहम्मद अब्दुह यांना अर्पण केले. अल-अजहरमध्ये शिकलेल्या, मिसरचे मुफ्ती असलेल्या आलिमाला एक फ्रेंच कादंबरी अर्पण होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या काहींनी जरूर ध्यानात घ्यावी. फारसीत ती 'बीनवायान' झाली, नवा म्हणजे साधनसामग्री नसलेले. केरळात नालप्पाट नारायण मेनन यांनी १९२५ मध्ये मल्याळममध्ये आणली ती 'पावंगळ', म्हणजे गरीब. तिथल्या डाव्या चळवळीची एक पिढी हे पुस्तक वाचून घडली.

यांपैकी कोणीही 'बदमाश' हा अर्थ निवडला नाही. पूर्वेकडच्या सगळ्या भाषांनी वालजाँचा निकाल नावातच देऊन टाकला.

मराठीतला 'दुःखी'

मराठीत ही कथा आणली साने गुरुजींनी. त्यांनी तिला नाव दिले 'दुःखी'. मूळ ग्रंथाच्या मानाने गुरुजींचे पुस्तक अगदी आटोपशीर आहे. लढाया आणि गटारांचे इतिहास बाजूला ठेवून त्यांनी माणसाची कथा उचलली. गरीब, मजूर किंवा कैदी यांपैकी कोणताही शब्द न घेता त्यांनी मनाच्या अवस्थेचा शब्द घेतला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये ज्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ज्यांनी पैगंबरसाहेबांचे चरित्र सांगणारे 'इस्लामी संस्कृती' लिहिले, त्या माणसाला हाच शब्द सुचावा यात नवल नाही. दुःखाला जात आणि मजहब नसतो.

याच गुरुजींनी टॉल्स्टॉयचा कलाविषयक ग्रंथ 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणला. त्या ग्रंथात टॉल्स्टॉयने युरोपातल्या कितीतरी नामवंत कलाकृती मोडीत काढल्या आहेत, स्वतःच्या मोठ्या कादंबऱ्याही त्याला नकोशा झाल्या होत्या. पण ईश्वराविषयीच्या आणि माणसाविषयीच्या प्रेमातून निर्माण झालेली श्रेष्ठ कला म्हणून त्याने जी थोडी नावे घेतली त्यांत 'ले मिझेराब्ल' आहे. म्हणजे गुरुजींनी कसोटीही मराठीत आणली आणि त्या कसोटीला उतरलेली कादंबरीही. त्यांच्या लेखनावर आपल्याकडे रडवेपणाचा आरोप नेहमी झाला. ह्यूगोवरही पॅरिसच्या विद्वानांनी तोच केला होता. दोघांच्याही वाचकांनी त्याची पर्वा केली नाही.

दुसरे मराठी वाचक आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हजारो ग्रंथ वाचलेल्या या माणसाला ज्या मोजक्या पुस्तकांनी रडवले त्यांत टॉल्स्टॉयचे चरित्र, हार्डीची एक कादंबरी आणि 'ले मिझेराब्ल' होती, असे त्यांच्या सहवासातल्या मंडळींनी नमूद केले आहे. कायद्याचा हा पंडित ज्या पुस्तकासमोर रडतो, त्या पुस्तकाचा खलनायक कायद्याचा अत्यंत प्रामाणिक नोकर आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जावेर लाच खात नाही, खोटी केस करत नाही. त्याचा गुन्हा एवढाच की कागदावर लिहिलेल्या माणसापलीकडचा माणूस त्याला दिसत नाही. वालजाँ त्याचा जीव वाचवतो तेव्हा त्याचे सारे गणित मोडते आणि तो नदीत उडी घेतो.

उर्दूच्या अंगणातही ह्यूगो आला, पण वेगळ्या दाराने. अमृतसरला बारी अलीग या पत्रकाराने एका उडाणटप्पू तरुणाला फ्रेंच आणि रशियन लेखक वाचायला लावले. त्या तरुणाने ह्यूगोच्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या अखेरच्या दिवसावरील छोट्या पुस्तकाचा अनुवाद केला. १९३३ च्या सुमारास तो 'सरगुजश्त-ए-असीर' या नावाने लाहोरला छापला गेला. हा तरुण म्हणजे सआदत हसन मंटो. पुढे मुंबईच्या फोरास रोडवरच्या बायकांच्या कहाण्या त्याने लिहिल्या आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. ह्यूगोची फाँतीन पोरीच्या पोटासाठी आधी केस विकते, मग दात विकते आणि शेवटी स्वतःला विकते. मंटोच्या बायका तिच्याच नात्यातल्या आहेत. सोहराब मोदींनी १९५५ मध्ये 'कुंदन' हा चित्रपट काढला तेव्हा पुस्तकाची एक ओळही न वाचलेल्या हजारो लोकांपर्यंत वालजाँ पोहोचला. निम्मी आणि सुनील दत्त त्यात होते.

आपल्या परंपरेच्या उजेडात

मुसलमान वाचकाच्या मनात ही कथा वाचताना एक प्रश्न उभा राहतो. चोरीला कडक शिक्षा सांगणारी आमची शरीअत वालजाँचे काय करील? या प्रश्नाला भिऊन पुस्तक मिटायचे कारण नाही. उत्तर आपल्या इतिहासात आहे.

हिजरी १८ मध्ये अरबस्तानात भयंकर दुष्काळ पडला. त्या सालाला 'आम-उर-रमादा', राखेचे वर्ष म्हणतात. त्या काळात खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली. आणखी एक प्रसंग इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंदला आहे. हातिब नावाच्या मालकाच्या गुलामांनी एकाची उंटीण चोरून कापून खाल्ली. शिक्षेचा हुकूम झाला, पण मग हजरत उमर मालकाकडे वळले. तू यांना उपाशी ठेवतोस असे मला दिसते, असे त्यांनी त्याला सुनावले. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती. त्यांनी मालकाला आठशे भरायला लावले. पाव चोरणाऱ्याला पकडण्याआधी त्याला उपाशी ठेवणाऱ्याला पकडा, हे ह्यूगोचे म्हणणे मदीनेत बारा शतके आधी निकालपत्रात उतरले होते.

बिशपच्या वागण्याबद्दलही असेच. त्याने शिपायांसमोर खोटे सांगितले ते योग्य का, असे काही वाचक विचारतात. इथे सफवान बिन उमय्या (रजि.) यांची हदीस आठवते. त्यांची चादर एकाने चोरली. त्यांनी चोराला पैगंबरसाहेबांसमोर (स.) उभे केले, आणि शिक्षा होणार असे दिसताच कळवळून म्हणाले की ही चादर मी त्याला देऊन टाकली. तेव्हा हुजूर जे म्हणाले त्याचा आशय असा, की त्याला माझ्याकडे आणण्यापूर्वीच तू हे का केले नाहीस? फिर्याद काजीपुढे गेली की कायद्याला त्याचे काम करावे लागते. त्यापूर्वीची वेळ ही माणसाच्या हातातली, माफीची वेळ असते. बिशपने नेमकी हीच वेळ साधली. म्हणून त्याचे वागणे आपल्याला परके वाटत नाही.

ह्यूगोने पैगंबरसाहेबांच्या अखेरच्या दिवसांवर १८५८ मध्ये एक आदरपूर्ण कविता लिहिली, हेही खरे आहे. त्यावरून तो मुसलमान झाला होता अशी कथा आपल्यात अधूनमधून सांगितली जाते. तिला भरवशाचा पुरावा नाही आणि तिची गरजही नाही. चांगला माणूस आपला असल्याचे सिद्ध करण्यापेक्षा त्याचे चांगलेपण आपल्यात आणणे अवघड असते, म्हणून आपण सोपे काम करत बसतो.

कोल्हापुरातला पिवळा परवाना

पिवळा परवाना फक्त फ्रान्समध्ये होता असे कोणी समजू नये. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात गुन्हा करण्याचीही गरज नव्हती, त्या जातीत जन्म घेणे पुरेसे होते. अशा जातींच्या माणसांनी गावच्या चावडीवर रोज हजेरी द्यायची. परगावी जायचे तर परवानगी घ्यायची. वालजाँने निदान पाव तरी चोरला होता!

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. ज्यांना गाव चोर म्हणून हाकलत होते त्या फासेपारध्यांना महाराजांनी विश्वासाने पहाऱ्याच्या कामावर घेतले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का आहे त्याच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, हे बिशपच्या समयांचेच तत्त्व आहे. फरक इतकाच की बिशप कादंबरीतला आहे आणि महाराज आपल्या दसरा चौकातले. याच महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापून मुस्लिम बोर्डिंग उभे केले, आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांना आपल्या लोकांचा पुढारी म्हणून जगापुढे आणले. बाकीच्या देशात तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ मध्ये 'फकिरा' लिहिली. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा त्यांचा नायक आणि त्याच्या समाजाच्या गळ्यात अडकवलेली हजेरी वाचताना फ्रान्स फार लांब वाटत नाही.

कायदा गेला तरी परवाना जात नाही. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या मुस्लिम आरोपींपैकी बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. निकालाचा कागद मिळाला, पण गेलेली वर्षे, मोडलेली दुकाने आणि शेजाऱ्याच्या नजरेतला संशय यांचे काय, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. भाड्याचे घर शोधणाऱ्या साध्या मुस्लिम कुटुंबालाही आडनाव सांगितल्यावर कधी कधी हा पिवळा कागद खिशात असल्याची जाणीव होते.

पण रिचमंडच्या त्या आवृत्तीची आठवण इथे ठेवली पाहिजे. आपल्या दुःखाची पाने वाचायची आणि दुसऱ्याच्या दुःखाची गाळायची, हे आपणही करतो. वस्तीत पारधी बाई दिसली की आपली दारे लागतात. तुरुंगातून सुटून आलेल्या मुलाला आपल्याच बिरादरीत कोणी मुलगी देत नाही, कामाला ठेवत नाही, आणि त्याच्या धाकट्या भावंडांपासून आपल्या मुलांना दूर ठेवतो. पोलिस खात्यातला जावेर आपल्याला लगेच दिसतो. मोहल्ल्यातला, मशिदीच्या पहिल्या सफमधला, आरशातला दिसत नाही.

पावाच्या चोरीचा भाग मी उर्दूत सोपा करून आठवीच्या वर्गाला वाचून दाखवतो. पाच वर्षे ही शिक्षा ऐकून मुले चिडतात, हे अपेक्षितच असते. पण एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आहे. सर, त्याने समया पण विकल्या का? मी सांगितले की नाही, चांदीची भांडी विकली, पण समया मरेपर्यंत जवळ ठेवल्या आणि मरताना त्यांतल्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग ती चोरी नव्हतीच, अमानत होती.

तिच्या या शब्दाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात मला ठाऊक नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो तो अमानतदार होतो आणि ज्याला चोर म्हणून हिणवले जाते तो चोर होतो, एवढे मात्र तेरा वर्षांच्या मुलीला कळते. हे ज्यांना कळले त्यांनी ही कादंबरी वाचली असे म्हणावे, मग ती फ्रेंचमध्ये असो, साने गुरुजींच्या मराठीत असो, नाहीतर पडद्यावर. ज्यांना कळले नाही त्यांच्यासाठी ती तीनशे पासष्ट प्रकरणांची जाडजूड कादंबरीच राहते.